तेहतीस वर्षांनी काढलेले स्थलांतर प्रमाणपत्र

१९९१ साली मी सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयातून बी.ए. झाले, आणि बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर २०२४ च्या जूनमध्ये सोलापूरच्याच विद्यापीठात एम.ए.च्या प्रवेशासाठी अर्ज भरला. विषय प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व. या दोन घटनांच्या मधल्या काळात माझा पत्ता एकदाच बदलला, तोही लग्नामुळे, उत्तर कसब्यातून जुळे सोलापुरात. त्यामुळे कागदपत्रांच्या तपासणीच्या दिवशी समोरच्या कर्मचाऱ्याने यादीतील सहाव्या ओळीवर बोट ठेवून ‘स्थलांतर प्रमाणपत्र लागेल’ असे सांगितले, तेव्हा त्यांनी माझा अर्ज दुसऱ्या कोणाच्या अर्जाबरोबर बदलला असावा, असे मला प्रामाणिकपणे वाटले.

‘मी सोलापूर सोडून कुठे गेलेच नाही,’ मी म्हणाले.

‘तुम्ही इथंच होता की वो, मॅडम,’ ते शांतपणे म्हणाले, ‘पण तुमचं रेकॉर्ड कोल्हापुरात हाय. तुमची पदवी शिवाजी विद्यापीठाची. आमच्याकडं ते दुसरं विद्यापीठ धरतात.’

प्रवेश तात्पुरता मिळाला. पात्रता पक्की होईपर्यंत तो तात्पुरताच राहणार होता, आणि पात्रतेसाठी स्थलांतर प्रमाणपत्र, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र आणि नावातील बदलाचा पुरावा अशी चार कागदांची जमवाजमव मला करायची होती.

घरी आल्यावर मी वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. माझी गुणपत्रके त्यात होती. ती शोधताना आमच्या घरातील बाकीच्या पदव्याही हाती आल्या. थोरले काका १९४६ चे बी.ए.; त्यांची पदवी मुंबई विद्यापीठाची. वडील १९५९ चे. त्यांची पुणे विद्यापीठाची. माझी गुणपत्रके शिवाजी विद्यापीठाची, आणि माझ्या पुतणीची २०१२ ची पदवी सोलापूर विद्यापीठाची. आम्ही चौघेही एकाच महाविद्यालयात, बहुधा त्याच दगडी पायऱ्या चढून गेलो, आणि चौघांना चार विद्यापीठांनी पदव्या दिल्या. मी आता ज्या विद्यापीठात अर्ज केला होता, ते पुतणीचेच. पण २०१९ पासून त्याचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे झालेले असल्याने माझी पदवी झाली तर पेटीत पाचवे नाव जाणार होते.

हे कसे झाले, ते त्या रात्री मी कागदावर मांडून पाहिले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, ते शिकवण्यासाठी नव्हे, तर महाविद्यालयांना संलग्न करून घेण्यासाठी, परीक्षा घेण्यासाठी आणि पदव्या देण्यासाठी. १९४० साली आमचे महाविद्यालय सुरू झाले तेव्हा सोलापूर मुंबई प्रांतात होते आणि साहजिकच काकांची उत्तरे मुंबईच्या परीक्षकांनी तपासली. स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या फेब्रुवारीत, गणेशखिंडीतील गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानी पुणे विद्यापीठ सुरू झाले. बॅरिस्टर मु. रा. जयकर त्याचे पहिले कुलगुरू होते, आणि जळगावपासून कोल्हापूरपर्यंतचे बारा जिल्हे त्याच्या कक्षेत आले. सोलापूर त्यांतलेच एक. पुढे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, चीनशी युद्ध चालू असतानाच, राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा व रत्नागिरी यांच्याबरोबर सोलापूर जिल्हाही पुण्याकडून कोल्हापूरकडे गेला. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूरसाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले, तेही एका जिल्ह्यापुरते. त्याआधी सोलापुरात शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. त्याच केंद्राच्या जागी हे नवे विद्यापीठ उभे राहिले.

वडिलांकडून लहानपणी ऐकलेली एक तक्रार मला त्या वेळी नीट कळली. ते म्हणत, ‘पुण्याला जायला रेल्वे होती, कोल्हापूरला जायचं म्हणजे दिवस मोडतो.’ सोलापूरहून पुण्याला थेट गाडी, आणि कोल्हापूरला मात्र मंगळवेढा, सांगोला, मिरज करीत एस.टी.चा पाच-सहा तासांचा प्रवास. ज्या विद्यार्थ्याला गुणांची फेरतपासणी करायची असे किंवा पदवीच्या नावात काना-मात्रा दुरुस्त करायची असे, त्याच्यासाठी हे अंतर खरे होते. स्वतंत्र विद्यापीठाची मागणी सोलापुरात इतकी वर्षे का धुमसत राहिली, याची अनेक कारणे सांगितली जातात; माझ्या मते त्यांतील निम्मी तरी या एस.टी.च्या प्रवासात सापडतात.

पहिला कागद महाविद्यालयाचा. बी.ए. झाल्यावर मी पुढे कुठे प्रवेश घेतला नव्हता, त्यामुळे महाविद्यालय सोडल्याचा दाखला मी कधी मागितलाच नव्हता. नियमाने पाहिले तर मी अजून तिथेच होते. कार्यालयातील बाईंनी १९८८ चे जनरल रजिस्टर काढायला शिपायाला सांगितले. ते आले तेव्हा त्याला दोन हात लागले होते. लाल कापडी बांधणी, कोपऱ्यांना चामडे, आणि पान उलटले की जुन्या खळीचा वास. माझे नाव पाचशे अमुक क्रमांकावर होते; शेजारच्या रकान्यात जात, जन्मगाव, जन्मतारीख अक्षरी आणि अंकी, आधीची शाळा. ‘सोडल्याची तारीख’ आणि ‘सोडण्याचे कारण’ हे शेवटचे दोन रकाने कोरे होते. बाईंनी माझ्यासमोर त्यात त्या दिवसाची तारीख घातली आणि ‘शिक्षण पूर्ण’ असे लिहिले. मला धीर आला आणि मी १९५५ चे रजिस्टर पाहता येईल का, असे विचारले. त्यांनी जरा नवलाने माझ्याकडे पाहिले, पण नाही म्हणाल्या नाहीत. वडिलांचे नाव निळ्या-काळ्या शाईत, टाकाने लिहिलेले होते, आणि ‘सोडण्याचे कारण’ या रकान्यात इंग्रजीत ‘पास्ड बी.ए.’ असा शेरा होता. त्यांनी दाखला वेळेवर नेला होता.

खंडाचे प्रतिज्ञापत्र न्यायालयाबाहेरच्या एका टंकलेखकाकडे केले. त्याच्याकडे मजकूर तयार होता, पण तो एका किंवा फार तर दोन वर्षांच्या खंडासाठी. ‘सन १९९१ ते सन २०२४ या कालावधीत मी अन्य कोणत्याही विद्यापीठात वा महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही’ हे वाक्य टंकताना त्याने हात थांबवून, वर्ष बरोबर आहे ना, असे दोनदा विचारले. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर हे वाक्य छापून आले आणि त्याखाली मी सही केली, तेव्हा नोकरी, संसार, दोन मुले, सासूबाईंचे आजारपण हे सगळे त्या ‘खंड’ या एका शब्दात बसवलेले पाहून थोडे हसू आले.

नावाचा प्रश्न याहून चिवट होता. गुणपत्रकांवर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे. लग्न १९९२ चे असले तरी आम्ही त्याची नोंदणी बँकेच्या एका कामासाठी पुष्कळ उशिरा केली होती, आणि तोच दाखला आता उपयोगी पडला. त्याच्या सहा प्रती काढल्या; शेवटी सातही लागल्या असत्या.

राहिले कोल्हापूर. अर्ज आणि शुल्क घरबसल्या भरता आले असते असे मुलाचे म्हणणे होते, आणि ते बरोबरही असेल. पण अर्जात आजच्या विद्यार्थ्यांचा कायम नोंदणी क्रमांक मागितला होता आणि माझ्या गुणपत्रकांवर केवळ बैठक क्रमांक होते. शिवाय एक लाजिरवाणी गोष्ट मला त्या आठवड्यात ध्यानात आली होती. मी पदवीच घेतलेली नव्हती. १९९१ मध्ये उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र आणि गुणपत्रक हातात आल्यावर नोकरीसाठी तेवढे पुरले, आणि दीक्षान्त समारंभाचा अर्ज भरायचे राहून गेले. यात चूक कोणाची असेल तर ती माझीच. म्हणून दोन्ही कामांसाठी स्वतः जायचे ठरवले, आणि सप्टेंबरच्या एका मंगळवारी पहाटेच्या एस.टी.ने, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेऊन, निघाले.

तीन वर्षे मी शिवाजी विद्यापीठाची विद्यार्थिनी होते. माझा अभ्यासक्रम तिथल्या अभ्यास मंडळाने ठरवला, प्रश्नपत्रिका तिथून सीलबंद पाकिटांतून आल्या, उत्तरपत्रिका गठ्ठे बांधून गेल्या, आणि निकालपत्रावर तिथला शिक्का आला. पण ते विद्यापीठ मी पाहिले ते वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, तिथून जाण्याची परवानगी मागायला गेले तेव्हा. संलग्न महाविद्यालयांत शिकलेल्या बहुतेकांची स्थिती हीच असते, आणि विद्यापीठ म्हणजे काय, या प्रश्नाला आमचे उत्तर ‘शिक्का’ हेच होते, असे मला वाटते.

कोल्हापूरच्या पूर्वेला सागरमाळावर साडेआठशे एकरांहून अधिक जागेत हा परिसर पसरलेला आहे. फाटकातून आत गेल्यावर रुंद रस्त्याच्या टोकाला मुख्य इमारत आणि तिच्यासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसतो. पुण्याचे शिल्पकार बी. आर. खेडकर यांनी घडवलेला हा पुतळा १९७४ मध्ये उभा राहिला. माझ्या गुणपत्रकावरच्या बोधचिन्हाखाली ‘ज्ञानमेवामृतम्’ हे बोधवाक्य इतके पुसट छापलेले होते की मी ते कधी धड वाचले नव्हते. इथे ते ठळक अक्षरांत समोर होते. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे अभ्यासक. बारा वर्षे ते या पदावर होते, आणि उघड्या माळावर हे सगळे उभे करण्याचे काम मुख्यतः त्यांच्या काळात झाले.

काम कसे झाले ते सांगण्यासारखे आहे, कारण मी दिवसभराच्या खेपांची तयारी करून गेले होते. खिडकीवरच्या तरुणाने बैठक क्रमांक आणि परीक्षेचे वर्ष विचारले आणि तो आतल्या दालनात गेला. वीस-पंचवीस मिनिटांनी तो एका जाड निकालवहीसह परतला. त्या वहीत मार्च-एप्रिल १९९१ च्या परीक्षेचे सगळे निकाल बैठक क्रमांकाप्रमाणे लावलेले होते. त्याने पट्टी ठेवून माझी ओळ दाखवली. क्रमांक, नाव, प्रत्येक विषयाचे गुण, एकूण, श्रेणी. माझ्या वरच्या ओळीत माझी मैत्रीण होती, जी पुढे पंढरपूरला शिक्षिका झाली. खालच्या ओळीत एक नाव होते ज्याचा चेहरा मला आठवला नाही, आणि त्याच्यापुढे ‘अनुत्तीर्ण’ असे होते. तेहतीस वर्षे आम्ही तिघे त्या पानावर त्याच क्रमाने होतो.

अर्जात ‘स्थलांतराचे कारण’ असा एक रकाना होता. नोकरी, वास्तव्यात बदल, विवाह यांपैकी एकही कारण मला लागू नव्हते. ‘इतर’ या चौकोनात खूण करून पुढे काय लिहावे, याचा विचार करीत मी पेन धरून बसले, तेव्हा त्या तरुणानेच तोडगा सुचवला. ‘सोलापूरची माणसं “अधिकारक्षेत्र बदल” असं लिहितात,’ तो म्हणाला. म्हणजे या कामासाठी येणारी मी पहिली नव्हते. मी तसेच लिहिले. स्थलांतर प्रमाणपत्र काही दिवसांत टपालाने येईल, आणि पदवी पुढच्या दीक्षान्त समारंभात ‘अनुपस्थितीत’ या यादीतून मिळेल, असे समजले. पदवीवर नाव माहेरचेच येणार, कारण ती परीक्षेच्या नोंदीप्रमाणे निघते. यावर वाद घालण्याची मला गरज वाटली नाही.

दुपारचा दीड वाजला होता. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाच्या पायऱ्यांजवळ, झाडाखाली भाकरी खाल्ली. समोरून मुले-मुली वह्या घेऊन जात होती आणि त्यांच्यापैकी कोणालाही मी तिथे का बसले आहे, याचे नवल वाटत नव्हते. नंतर वि. स. खांडेकरांचे स्मृतिसंग्रहालय पाहिले. बी.ए.ला मराठी हा माझा मुख्य विषय होता आणि खांडेकरांवरचे टिपण मी परीक्षेसाठी तोंडपाठ केले होते. ज्ञानपीठ मिळवणाऱ्या या पहिल्या मराठी लेखकाच्या वस्तू आपल्याच विद्यापीठाच्या आवारात मांडलेल्या आहेत, हे मात्र मला ठाऊक नव्हते. संध्याकाळच्या गाडीने परत निघाले. मिरजेनंतर डोळा लागला.

दहा-बारा दिवसांत प्रमाणपत्र आले. अर्ध्या पानाचा कागद. अमुक विद्यार्थिनीने अन्य विद्यापीठात प्रवेश घेण्यास या विद्यापीठाची हरकत नाही, एवढाच त्याचा आशय. तो जोडून पात्रतेचा अर्ज दाखल केला आणि कागदांचे प्रकरण एकदाचे संपले.

पुढे जे सुरू झाले ते याहून अवघड होते. माझ्या काळी वर्ष जूनमध्ये उघडे, मार्चमध्ये तीन तासांचे पेपर होत, आणि मधले आठ महिने आपण विद्यार्थी आहोत हे विसरले तरी चालत असे. आता सत्रे आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांच्या एम.ए.ला ८८ श्रेयांक (क्रेडिट) आहेत, म्हणजे प्रत्येक सत्राला २२. त्यांत मुख्य विषय आहेत, ऐच्छिक आहेत, संशोधनपद्धती आहे, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आहे आणि संशोधन प्रकल्प आहे. एका वर्षानंतर थांबायचे असेल तर पदविका घेऊन बाहेरही पडता येते. मिळवलेले श्रेयांक एका डिजिटल पेढीत जमा होतात आणि विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात गेला तर त्याच्याबरोबर ते जाऊ शकतात. या पेढीत खाते उघडताना मी बँकेतल्या सवयीने खातेपुस्तिका कुठे मिळेल, असे विचारले आणि शेजारची बावीस वर्षांची मुलगी मनापासून हसली. तिनेच ते खाते माझ्या मोबाइलवर डिजिलॉकरमधून तीन मिनिटांत उघडून दिले. हीच सोय २००४ नंतरच्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या वाटण्यांना लागू असती तर माझी कोल्हापूरची फेरी वाचली असती; पण मग ती निकालवही मी पाहिली नसती.

विद्यापीठाचा परिसर केगावला, पुणे रस्त्यावर आहे. कोल्हापूरची झाडी इथे नाही. काळी जमीन, माळ, आणि दुपारी अंगावर येणारे ऊन. पण इथे मी रोज जाते, आणि विद्यापीठ म्हणजे वर्ग, ग्रंथालय, प्राध्यापकांची दारे आणि चहाची टपरी असते, हे या वयात समजते आहे. पहिल्या सत्रात ब्राह्मी शिकायला लागले. ‘क’ म्हणजे अधिकचे चिन्ह आणि ‘ग’ म्हणजे उलटा व्ही, इथपर्यंत मजा होती; मात्रा लागायला लागल्यावर मला रात्री स्वप्नात काठ्या दिसू लागल्या. वर्गातील मुलांना पाठ होते आणि मला समजते, पण परीक्षेत पाठ असलेले लवकर लिहून होते, हा नियम १९९१ पासून बदललेला नाही.

फेब्रुवारीत आम्हाला हत्तरसंग-कुडलला नेले. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे, आणि त्याच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी या जिल्ह्यातील शिलालेख हिंडून-हिंडून शोधले आणि वाचले. हा लेख त्यांच्याचमुळे अभ्यासकांच्या नजरेत भरला. सरांनी विजेरी तुळईला जवळजवळ चिकटवून आडवी धरली. समोरून प्रकाश टाकला तर दगड नुसता पांढरा दिसतो; तिरका टाकला की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि अक्षर उठून येते. आम्ही माना वर करून एकेक अक्षर लावत गेलो. ‘वाछि तो विजेया होइवा’. जो वाचेल तो विजयी होईल. पहिले अक्षर लावायला आम्हाला पाच मिनिटे लागली, आणि ‘छि’ आहे की ‘चि’, यावरून वर्गात दोन पक्ष पडले ते परतीच्या बसमध्येही मिटले नाहीत.

देवळाबाहेर आले तेव्हा मोबाइलवर पोस्टमनचे दोन चुकलेले फोन होते. उलट फोन केल्यावर कोल्हापूरहून स्पीड पोस्टाने एक जाड पाकीट आले आहे आणि ते उद्या कार्यालयात येऊन घ्यावे लागेल, असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. टेबलापलीकडच्या माणसाने पाकिटावरचे नाव वाचले, माझे आधार कार्ड वाचले, मग पुन्हा पाकीट वाचले, आणि त्याने काही विचारण्याआधीच मी पिशवीतून लग्नाच्या दाखल्याची सहावी प्रत काढून त्याच्यापुढे ठेवली.